वाकडा ठोका

फर्गसनं मोबाइल टेबलावर ठेवला, आवाज वाढवला आणि म्हणाला, "आता ऐका. सरळ केलंय."

आम्ही तिघं पुढे वाकलो. गाणं आमचंच होतं. कहालचा आवाज, नीव्हचं बेस गिटार आणि खाली माझे ड्रम. म्हणजे माझे असायला हवे होते. तिथे भलतंच कोणीतरी वाजवत होतं, शाळेच्या कवायतीला निघाल्यासारखं. ठाक, ठाक, ठाक, ठाक.

"हे कोण वाजवतंय?" मी विचारलं.

"तूच. तुझेच ठोके आहेत. चौथा उशिरा पडत होता, तो कम्प्युटरवर उचलून जागेवर ठेवला. प्रत्येक ओळीत."

"तो उशिरा पडत नाही. त्याची जागाच ती आहे."

"हे बघ," फर्गस समजावणीच्या सुरात म्हणाला, "पहिले तीन बरोबर येतात आणि चौथ्याला तू मध्येच चहा प्यायला जातेस."

नीव्ह फिसकन हसली. मला हसू आलं नाही. कहाल गिटारच्या खुंट्यांशी चाळा करत बसला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. तेव्हाच मला कळलं की ते गाणं त्याच्या मनात सरळ होऊन गेलंय.

ही गोष्ट गॉलवेची, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गावची. तिथल्या गोदीजवळ मासे साठवायची एक जुनी खोली आम्ही सरावाला घेतली होती. मासे जाऊन जमाना झाला, वास मात्र आम्हाला सोडायला तयार नव्हता. मी इचलकरंजीची. शिकायला म्हणून तिकडे गेले, हृदयात बसवायच्या बारीक जाळ्या बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला लागले आणि शाळेच्या बँडपथकात शिकलेल्या ड्रमच्या जोरावर या दोघांच्या बँडमध्ये घुसले. बँडचं नाव वेट मॅचेस, म्हणजे ओल्या काड्या. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "ओल्या काड्यांनी काय पेटायचं गं? दुसरं नाव गावलं न्हाई व्हय?"

पेटलं मात्र. छोट्या छोट्या पबांतून वाजवता वाजवता आमचं नाव झालं. मग डब्लिनच्या एका कंपनीनं आमचा पहिला अल्बम काढायचं ठरवलं आणि त्यांच्याकडून हा फर्गस आला. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते. गाण्यातलं त्याला कळत होतं, आणि दहा गाण्यांतून त्यानं नेमकं हेच उचललं होतं. आमचं एकुलतं एक प्रेमगीत.

ते असं झालं होतं. एका दुपारी कहालची वाट बघत मी बोटांनी टेबलावर ठोका धरून बसले होते. तीन ठोके सारखे आणि चौथा उंबऱ्यात पाय अडकल्यासारखा, जरा थांबून. कहाल दारातच उभा राहिला. "हे काय आहे?" म्हणाला. मी म्हटलं, काही नाही. त्यानं त्यावर सूर धरला, शब्द लिहिले. घरात वेगवेगळ्या खोल्यांत वावरणाऱ्या दोन माणसांचं गाणं. धृपद अडलं तेव्हा मी एक ओळ सुचवली: "तुझा आवाज थांबला की मी चहाचं आधण ठेवतो." आयरिश लोक आपल्यासारखेच चहाबाज. नीव्ह म्हणाली, हे तर आमच्याच घरातलं आहे. ती ओळ कहालची असंच सगळे धरून चालले, मीही कोणाचं खोडून काढलं नाही.

"हे गाणं सगळ्यांत आधी बाहेर काढायचं," फर्गस म्हणाला. "रेडिओवर वाजायला हवं. पण प्रेमाचं गाणं आहे, शल. लोकांना त्यावर नाचायचं असतं, ठेचकाळायचं नसतं."

मी शलाका. तिकडे शल.

"आणि सरळ नाही केलं तर?"

"तर ते अल्बममध्ये नसेल. मी असं अर्धवट काही कंपनीला देऊ शकत नाही." मग जरा घुटमळून तो म्हणाला, "कार्यक्रमात सरळ वाजवणं तुला जड जात असेल, तर त्या एका गाण्यापुरता दुसरा कोणी बघता येईल. सोमवारी मला सांगा."

मी कहालकडे बघितलं. कहाल खुंट्या पिळत राहिला.

बाहेर पडल्यावर मी त्याला नदीच्या कठड्याशी गाठलं. वारा असा की बोललेलं तोंडात परत यायचं.

"तू गप्प का बसलास?"

"एक ठोका आहे, शल. एकच."

"एकच आहे ना? मग राहू दे की."

"मला तो आवडतो. पण मला हेही आवडेल की हे गाणं गावाबाहेर कोणीतरी ऐकावं. मी अजून काकाच्या दुकानात टायर बदलतोय." तो खोटं बोलत नव्हता, नखांतलं काळं दिसतच होतं. "कारण सांग ना. तो ठोका तसाच का हवा, हे तू कधी सांगतच नाहीस. सांगितलंस तर मी फर्गसशी भांडेन."

इथेच घोडं पेंड खात होतं. मला सांगायचं नव्हतं. सांगितलं की लोक मान तिरकी करतात, डोळे मऊ करतात आणि 'अरेरे' म्हणतात. दयेवर टिकलेला ठोका मला नको होता. चांगला वाजतो म्हणून ठेवा, नाहीतर गाणं गेलं खड्ड्यात.

"कारण नाही," मी म्हटलं. "कुत्र्याचं शेपूट वाकडं असतं, त्याला काय कारण?" ही म्हण त्याला समजावून सांगण्यात आमचं भांडण तेवढ्यापुरतं विझलं.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना आईचा फोन आला. बाबा गेल्यापासून ती असा अवेळी करायची.

"काय करत्यास?"

"निघाले कामाला. इथं एक जण आमचं गाणं बदला म्हणतोय. तू? चहा झाला?"

"सकाळचा झाला की."

"संध्याकाळचा घेणार का आज?"

"एकटीसाठी कशाला भांडं काळं करायचं?" हे तिचं ठरलेलं उत्तर. बाबांना जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि तेवढ्या काळात तिनं संध्याकाळचा चहा केला नव्हता. पाहुणा आला तर त्याला करायची, स्वतः नाही. मी दूध पाठवायची सोय केली, शेजारच्या काकूंना सांगून बघितलं, चिडूनही बघितलं. आई माझ्याच जातीची, एकदा नाही म्हणाली की नाही.

रविवारी कहालनं फर्गसला आपल्या आत्याकडे जेवायला बोलावलं. म्हणजे आम्हा सगळ्यांनाच. पोट भरलं की मी नरम पडेन असा त्याचा हिशेब असावा. आत्याचं नाव ब्रीड. पलीकडच्या क्लेअर परगण्यातल्या एका खेड्यात तिचा पब होता. बाई उंच, हाडापेरानं मोठी, आणि पब आपल्या मालकीचा आहे हे एक क्षणही विसरू न देणारी. रविवारी दुपारी जेवणं उरकली की तिच्याकडे गाणी व्हायची. माईक नाही, स्टेज नाही. गावातली माणसं भिंतीला टेकून बसायची आणि एकेक जण बसल्या जागी गायचा.

त्या गाण्यांचे नियम होते आणि ते मोडायची कोणाची टाप नव्हती. कोणी गात असेल तर बोलायचं नाही. गाण्याआधी ते कुठून घेतलं ते सांगायचं. अमक्या काकाकडून, तमक्या गावच्या बाईकडून. आणि ज्यानं गाणं म्हटलं, पुढच्याला हाक द्यायचा मान त्याचा. हाक आली की नाही म्हणायची सोय नसते. आवाज बेसूर असो, घसा बसलेला असो, काहीतरी म्हणावंच लागतं.

ब्रीड स्वतः गात होती. बोटीवर गेलेल्या कोणाचं तरी लांबलचक गाणं. फर्गस कहालच्या कानाशी लागून कुजबुजत होता आणि मला शब्द ऐकू येत होते, "...ती ऐकणार नसेल तर तू एकट्यानं सही..." ब्रीडनं गाणं न थांबवता नुसतं त्याच्याकडे बघितलं. फर्गस मिटला. कडवी संपली, लोकांनी वाहवा केली, आणि तिनं हात पुसत खोलीभर नजर फिरवली.

"हाक माझी," ती म्हणाली. "काठ्यांवाल्या पोरीला."

"मी गात नाही, ब्रीड. मी वाजवते."

"मी विचारलं का तुला?"

खोली हसली. कहालनं खाली बघितलं. माझं डोकं तापलं, ती कुजबुज कानात होतीच. बरं, मी म्हटलं. गायचंच आहे ना? मग तेच गाते.

"कुठून घेतलंस ते सांग आधी," ब्रीड म्हणाली.

नियम म्हणजे नियम. जे कहालला नदीवर सांगितलं नव्हतं, ते मला भर पबात सांगावं लागलं.

"शब्द कहालचे आहेत. एक ओळ माझी. ठोका माझ्या बाबांचा," मी म्हणाले. "आमच्या घरामागं शेडमध्ये माग होते. कापड विणायचे, विजेवर चालणारे. सगळे एकदम चालले की कानात बोट घातलं तरी ऐकू यायचे. त्यातला एक माग बाबा स्वतः चालवायचे, आणि तो अडखळायचा. तीन ठोके बरोबर, चौथ्याला आडवं सूत नेणारा धोटा जरा उशिरा पोचायचा. आई स्वयंपाकघरात असायची. एवढ्या गदारोळात तिला तो एक माग ऐकू यायचा. तो थांबला की ती चहाचं आधण ठेवायची. बाबा हातपाय धुऊन येईपर्यंत कप समोर. त्यांनी कधी 'चहा कर' म्हटलेलं मी ऐकलं नाही. आता बाबा नाहीत. माग भंगारात गेले."

कोणी 'अरेरे' म्हटलं नाही. त्यांच्याकडे तशी पद्धतच नसावी. गाणं कुठून आलं ते कळलं, आता म्हण, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. इतके दिवस मी उगाच धसका घेतला होता.

मी टेबलावर मूठ आपटून ठोका धरला आणि गायला लागले. माझा आवाज म्हणजे पत्र्यावर घासलेली वीट. पहिलं कडवं मी डोळे मिटून ओढलं. दुसऱ्या कडव्याला खालून काहीतरी ऐकू आलं म्हणून डोळे उघडले. पाय होते. तोंड बंद ठेवायचा नियम होता, पायांना नव्हता. जाडजूड बुटांनी ती माणसं लाकडी जमिनीवर ठोका धरत होती. तीन सारखे, आणि चौथ्याला अख्खी खोली श्वास धरून थांबायची, मग धप्प. कोणी शिकवलं नव्हतं त्यांना.

गाणं संपलं. टेबलावरून मूठ उचलली तेव्हा कड दुखत होती. कहाल माझ्याकडे बघत होता, आता सरळ.

"हाक तुझी," ब्रीड म्हणाली.

"फर्गसला," मी म्हणाले. "हेच गाणं. त्याच्या पद्धतीनं."

फर्गसनं दोन्ही हात वर केले, पण तोही त्याच देशात वाढलेला होता. हाकेला नाही म्हणता येत नाही हे त्याला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तो उठून उभा राहिला.

"कुठून घेतलंस?" ब्रीडनं विचारलं.

"हिच्याकडून."

"तसंच आहे का?"

"नाही. मी सरळ केलंय."

"का?"

फर्गसनं ग्लास जवळ ओढला. बोटातली अंगठी ग्लासवर वाजवत त्यानं सुरुवात केली. आवाज गोड निघाला त्याचा. हे मला अपेक्षित नव्हतं आणि खरं सांगायचं तर रागही आला. ठाक, ठाक, ठाक, ठाक. पहिल्या ओळीला पाय आले, पण चौथ्या ठोक्याला ते आपल्या जागीच थांबले. फर्गस पुढे निघून गेला होता. धप्प आवाज मागून आला. त्यानं नेटानं दुसरी ओळ घेतली, पुन्हा तेच. कोणी मुद्दाम करत नव्हतं. एक म्हातारा तर पाय दाबून धरत होता, तरी त्याची टाच उचलली जात होती. तिसऱ्या ओळीला फर्गसची अंगठी चाचरली. धृपदात, "तुझा आवाज थांबला की" म्हणताना, तो थांबला. खोलीसाठी थांबला. मग पाय आणि अंगठी एकदम पडले, आणि तिथून शेवटपर्यंत त्यानं गाणं वाकडंच म्हटलं. चांगलं म्हटलं. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं.

खाली बसून त्यानं ग्लास संपवला. "रेडिओवर ही खोली नसते, शल," तो म्हणाला. "तिथे एकटा माणूस गाडी चालवत ऐकत असतो."

"त्यालाही पाय आहेत," ब्रीड म्हणाली.

"कंपनी हे पहिलं गाणं म्हणून घेणार नाही."

"नको घेऊ दे," कहाल म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा आवाज चढलेला मी ऐकला. "शेवटचं घाला. पण अल्बम निघेल तर हे त्यात असेल, आणि असंच असेल. ड्रमवर हीच असेल. नाहीतर सहीचे कागद तुमचे तुम्हाला परत."

नीव्हनं नुसती मान डोलवली. ती बोलायची कमी, पण तिची मान हलली की विषय संपायचा.

फर्गसनं आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. "शेवटचं," तो अखेरीस म्हणाला. आणि तसंच झालं. त्याचं भाकीत खरं ठरलं, रेडिओवाले कितीतरी दिवस त्या गाण्याला शिवले नाहीत. आज लोक आमचं तेवढं एकच गाणं मागतात, मोठमोठ्या मैदानांत चौथ्या ठोक्यासाठी थांबतात, हे सगळं पुढचं. तेव्हा आम्हाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि तरी आम्ही नाही म्हणालो होतो. मला त्याचाच अभिमान जास्त वाटतो.

"हाक अजून द्यायची राहिली," ब्रीडनं फर्गसला आठवण केली. "गायलास ना? मग दे."

फर्गसनं खोलीभर बघितलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली. "हिच्या आईला," तो म्हणाला.

मी नाही म्हणणार होते. आईला मी ते गाणं कधीच ऐकवलं नव्हतं. इंग्रजी आहे, तुला कळायचं नाही, असं सांगून वेळ मारून नेली होती. खरं कारण भीती. भंगारवाल्याचा टेम्पो शेडबाहेर पडला तेव्हा तिनं घराची सगळी दारं लावून घेतली होती. पण हाकेला नाही म्हणता येत नाही, आणि हाक काही मला नव्हती. मी फोन लावला. तिकडे दिवेलागण होऊन गेली असणार.

"आई, इथं सगळे बसलेत. तुला गाणं म्हणायला सांगतायत."

"खुळी का काय तू? मी आरतीला नुसत्या टाळ्या वाजवते."

"मग ऐक तरी. आमचं आहे."

फोन टेबलावर ठेवला. कहालनं गिटार घेतलं, मी मुठी. या वेळी फर्गसचा पायही आमच्यात होता. पहिल्या ओळीपासून सगळी खोली त्या ठोक्यावर चालली, खाली फळ्या दणाणत होत्या, आणि मला आमच्या शेडची जमीन आठवली, अनवाणी पायांना ती अशीच थरथरायची. गाणं संपलं. शेवटचा ठोका पडला आणि सगळे पाय एकदम थांबले.

फोनवर काही नाही.

"आई?"

पलीकडून भांड्याचा आवाज आला. नळ सुटल्याचा. आणि मग गॅसच्या लायटरचा, टक, टक.

"आई, काय करतेस?"

"चहा टाकला," आई म्हणाली. "हात आपसूक गेला बघ. ह्यांचाच हाय न्हवं त्यो?"

"हो."

"आणि ते भांडण कशाचं हुतं गं? तू त्या दिवशी म्हणालीस, कोण तरी गाणं बदला म्हणतंय."

"हाच ठोका सरळ करा म्हणत होते. मी नाही म्हणाले."

आई हसली. किती दिवसांनी हसली होती. "बापाची लेक गं तू. अगं, आपल्या मागाला झालंतं काय? एक बोल्ट झिजल्याला. गजानन जॉबर दर दिवाळीला माग दुरुस्तीला यायचा, म्हणायचा, मालक, घटकाभराचं काम हाय, नीट करून टाकतो. ह्यांनी त्याला कधी हात म्हणून लावू दिला न्हाई."

"का?"

"मी एकदा गजाननसाठी चहा घेऊन गेल्ते शेडात. त्यांचं ध्यान न्हवतं. त्याला सांगत हुते, असू दे रे तसाच. सगळे माग सारखे वाजाय लागले तर माझा कंचा, हे हिला कसं कळायचं?"

खोलीतले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. ब्रीडनं भुवयांनीच विचारलं, काय म्हणाली?

"बरं, ठेव आता," आई म्हणाली. "उतू चाललाय."